मामांनी मागून घेतलेला दुसरा द्रोण

आये,

तुझ्यासाठी आनंदाची बातमी आहे, आणि ती बिअरपासून सुरू होते. आधीच नाक मुरडू नकोस, पुढं ऐक. परवाच्या रविवारी माझे धाकटे दीर मुंबईहून आटगावला आले. ते तिथं एका मोठ्या हॉटेलात कामाला आहेत हे तुला ठाऊकच आहे. कुठल्याशा गोऱ्या पाहुण्यानं खूश होऊन त्यांना एक बाटली दिली होती, ती त्यांनी टॉवेलात गुंडाळून, पिशवी मांडीवर धरून घरी आणली. "वहिनी, ही साधी नाय. बेल्जमची हाय. गव्हाची असते, वर फुलं घालतात, संत्र्याची साल घालतात, थोडे धने पण." मी म्हटलं, "धने घातलेत तर फोडणी तेवढी कशाला ठेवली?" तुझे जावई हसले, दीर काही हसले नाहीत. बाटलीच्या बाबतीत ते फार गंभीर होते. मागच्या अंगणात, ईडलिंबाच्या झाडाखाली, स्टीलच्या पेल्यांत त्यांनी ती ओतली. रंग भाताच्या पेजेसारखा गढूळ, वर बोटभर फेस. मी पेला हातात घेतला आणि बोट बुडवून चार थेंब जमिनीवर शिंपडले. मुद्दाम नाही केलं, हातच गेला. दीर ओरडले, "वहिनी, इम्पोर्टेड हाय ती, सांडताय काय!" आता त्यांना काय सांगू, की ज्या घरात मी वाढले तिथं धरतीला आणि गेलेल्यांना दिल्याशिवाय घोट घेतला तर तू हातातला पेला काढून घ्यायचीस!

मग मी घोट घेतला. आधी ओठावर फेस, मग जरा आंबट, मग फुलांचा वास, आणि सगळं घशाखाली उतरल्यावर सालीचा तो कडवटपणा जिभेच्या मुळाशी राहिला. फुलं कुठली ते दिरांनाही माहीत नव्हतं. पण मला त्या फुलांशी काय करायचं होतं? मी तोवर वैशाखरेच्या वरच्या आपल्या पाड्यावर, तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले होते. चुलीवर मोहाची सुकी फुलं उकळतायत, तू पाट्यावर ईडलिंबाची साल ठेचतेयस, आणि मी मध्ये बोट घालते म्हणून माझ्या हातावर चापट मारतेयस. "आधी देवाचं, मग पाव्हण्याचं, मग तुझं. लगीन ठरायला आलं तरी अक्कल नाय गो तुला."

ते माझ्या सुपारीचे दिवस. बाप नव्हता, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर. स्थळ चांगलं होतं, मुलगा रेल्वेत लागलेला, मला आवडलेला. अडचण एकच, मुलाचा बाप माळकरी. आपल्यात सोयरीक पक्की करायची म्हणजे दोन्हीकडच्या कर्त्या माणसांनी पळसाच्या पानाच्या एकाच द्रोणातून मोहाची घ्यायची, सगळ्यांसमोर. द्रोण खाली ठेवला तर सोयरीक मोडली. आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस दारूला शिवणार नाही. म्हातारे दोन रात्री भांडले, कोणी म्हणे रीत सोडा, कोणी म्हणे स्थळ सोडा. तू मात्र चुलीपाशी बसून ऐकत होतीस, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "द्रोणात मोहच असंल. पण दारू नसंल." फुलं उकळून, गूळ घालून, ईडलिंबाची साल आणि पाला टाकून तू सरबत केलंस. रीतही राहिली, माळही राहिली. सगळ्या पाड्यानं तुझी वाहवा केली. तू किती फुशारलीस ते मला अजून दिसतं, पदर खोचून उगाच अंगणात दोनदा झाडू मारलास.

फक्त मडकं तेवढं चुकलं. आपल्याकडे मोठं म्हणावं असं मोकळं मडकं एकच होतं, तेच, ज्यात तू वर्षानुवर्षं मोहाची फुलं आंबत घालायचीस. तू ते राखेनं घासलंस, उन्हात पालथं घातलंस. पण मातीचं मडकं ते, बाहेरून घासून आतलं थोडंच जातं? त्यात मुलाकडच्यांची एसटी मुरबाडच्या पुढं बंद पडली. ती मंडळी यायची होती त्या दिवशी आलीच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वैशाखाचा उन्हाळा, झाकलेलं मडकं, गूळ आणि फुलं. पुढचं सांगायला नको. बाकीच्या पाहुण्यांसाठीची खरी दारू शेजारीच ठेवलेली, अख्ख्या घरात तिचाच वास, त्यामुळे तुझ्यासारखीच्या नाकालाही काही कळलं नाही. बापाच्या जागी द्रोण धरायला काका बसले होते, पण त्यांना सकाळपासून शेजारच्या मडक्याची सोबत होती. त्यांच्या हातात ताक दिलं असतं तरी त्यांनी मोहाची म्हणूनच प्यायलं असतं.

मी दाराआडून बघतेय. मामा, म्हणजे माझे होणारे सासरे, मांडी घालून बसलेत. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. काकांनी आपला घोट घेऊन द्रोण पुढं केला. मामांनी थेंब जमिनीवर सोडले, द्रोण तोंडाला लावला. जरा थांबले. मान वर करून दाराकडे बघितलं, तिथं तू उभी होतीस. आणि मग त्यांनी द्रोण पार तळापर्यंत रिकामा केला, मिशा पुसल्या आणि मोठ्यांदा म्हणाले, "इहीणबाय, झकास झालंय! आणखी हाय का?" काय तो गलका झाला! म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या, बायका गाणी म्हणायला लागल्या, तू पळत जाऊन दुसरा द्रोण भरून आणलास. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच भांड्यात काय होतं ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

पाहुणे गेल्यावर तू मडकं आवरायला बसलीस. तळाशी राहिलेलं ओंजळीत घेऊन चाखलंस आणि तशीच बसून राहिलीस. मी विचारलं, काय झालं? तू ओंजळ माझ्यापुढं केलीस. मी चाखलं. सरबत कधीच आंबून चढणारं झालं होतं. मला हसू फुटलं, पण तुझं तोंड बघून ते तिथंच विरलं. "माळकरी मानसाला मी बाटवला गो," असं म्हणून तू चुलीपाशी बसून रडलीस. बाप गेला तेव्हाही तू माझ्यासमोर अशी रडली नव्हतीस. मग डोळे पुसून माझ्याकडून शपथ घेतलीस, हे कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीपायी तुझा हात मात्र कधी मोकळा झाला नाही. लग्न लागलं, मी आटगावला नांदायला आले, नातवंडं झाली, पण तू व्याह्यांच्या समोर कधी सरळ मान करून बसली नाहीस. ते बिचारे तू आलीस की हटकून म्हणायचे, "इहीणबाय, तुमच्या त्या सरबताची चव काय जात नाय तोंडातून." तू कावरीबावरी होऊन चहाच्या निमित्तानं आत यायचीस. दर दिवाळीला त्यांच्यासाठी ईडलिंबाचं लोणचं यायचं. एका पावसाळ्यात तर रोपच घेऊन आलीस, ओल्या फडक्यात बांधून, आणि मोरीच्या पाण्यावर स्वतः खड्डा करून लावलंस. सगळ्यांना वाटलं लेकीच्या घरी आठवण. मला तेवढं माहीत होतं की तू दंड भरते आहेस. आणि शेवटी, दवाखान्यातून घरी आणल्यावर, बोलणं जड झालेलं असतानाही तू माझा हात धरून तेच विचारलंस. "त्यांना सांगितलं नाय ना?" मी म्हटलं, नाय आये. तू गेलीस ती हे ओझं घेऊनच गेलीस. मला तुझ्या जाण्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटत आलंय, खरं सांगते.

आता परत परवाच्या अंगणात ये. तुझ्या झाडाखाली आम्ही तिघं पेले धरून बसलोय आणि बाजूला खाटेवर मामा. ऐंशीच्या घरात आहेत, कान गेलेत, पण नाक शाबूत आहे. म्हणाले, "काय रे ते, पेज का?" दीर मोठ्यांदा म्हणाले, "बाबा, तुमच्या कामाचं नाय." "आण इकडं. प्यायची नाय, वास घेतो. वास घेऊन माळ तुटत नाय." दिरांनी पेला त्यांच्या हातात दिला. मामांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले. इतकी वर्षं जे सांभाळलं ते आता या मेल्या बेल्जमच्या बाटलीनं उघडं पडणार! मी पेला काढून घ्यायला उठले तोच मामांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "अगो, हे तर इहीणबायचं सरबत!"

मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या घोटालाच. जलम मोहाच्या झाडाखाली गेला, माळ तर मागनं घातली. मला कळणार नाय?"

"मग प्यालात कशाला?"

"वर बघितलं तर तुझी आय दारात उभी. तोंडावर काय आनंद होता त्या बाईच्या! माझी माळ राखायला सगळा खटाटोप केला तिनं. द्रोण खाली ठेवला असता तर सोयरीक गेली असती, आन् तिचं तोंड उतरलं असतं चार लोकांत. ते बघवलं नसतं मला. दुसऱ्या दिवशी उपास धरला. पांडुरंगाला म्हटलं, बाबा रे, तुझ्यासाठी सोडली होती, पोरीसाठी घेतली. समजून घे."

"आणि दुसरा द्रोण?"

"तो उरला असता तर कोनीतरी चाखून बोंब मारली असती. संपवायलाच पायजे होता." मग इकडं तिकडं बघून, स्वतःला ऐकू यावं इतक्या मोठ्या आवाजात कुजबुजले, "आन् खरं सांगू? झालं पण होतं गोड."

आम्ही सगळे असे हसलो की शेजारीण कुंपणापाशी आली. आये, ते दर वेळी सरबताचं नाव काढायचे ते तुझे आभार मानायला. आणि तू चहाच्या नावानं आत पळायचीस. दोन समजूतदार माणसं एकमेकांची अब्रू झाकत बसली आणि कोणाच्याच पदरात काही पडलं नाही. नाही, असं कसं म्हणू, मी पडले की आटगावात. सुखात आहे. उरलेली अर्धी बाटली मी तुझ्या झाडाच्या मुळाशी ओतली, दीर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चव म्हणशील तर तुझ्या सरबताच्या जवळपास जाते. थंड होती हा तिचा एक गुण, आणि तिच्यात मुंग्या नव्हत्या.

हे पत्र कुठं टाकणार? डब्यात ठेवीन साड्यांच्या खाली. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. हसणं ओसरल्यावर मामांनी मला विचारलं, "तुझी आय हसली असंल ना नंतर, माळकऱ्याला कसा पाजला म्हणून?" त्यांचं तोंड इतकं आशेनं भरलेलं होतं की माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "हो मामा! चुलीपाशी बसून पोट धरून हसली!" म्हातारा खूश होऊन तसाच झोपी गेला. खोटं बोलले मी. तेव्हा आता एवढं कर आये, जिथं असशील तिथं एकदा पोट धरून हसून घे, म्हणजे माझं बोलणं खरं होईल.