चढावर थांबलेली गाडी

२ नोव्हेंबर १९५७
भरलेली गाडी चढावर थांबवायची की नाही? सेवारामने आज विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. वर्गात कबूल केलं नाही, इथे करते.

मारुतीच्या ओट्यावरचा मोठ्या माणसांचा शनिवारचा वर्ग. अकरा जण. अक्षरं झाल्यावर खडूने रस्ता काढला. जिनाबाहेर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याबाहेर, कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, तशा चौकटी काढल्या. समोरून मोटर. नियम सांगितला : उभ्या गाड्या ज्याच्या बाजूला, त्याने थांबायचं. समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, मग आपण बगल देऊन निघायचं.

सेवाराम मागे बसला होता. बाबांचा सालदार गडी, बंजारा तांड्यावरचा. बाबा गाडी हाकतात, हा चढावर लाकडी ठोकळा घेऊन मागून चालतो. बैल दमले की चाकामागे लावतो. म्हणाला, "गाड्या आपल्या अंगाला उभ्या, समोरून मोटर येऊन राह्यली, अन् आपली गाडी भरेल, चढावर. मंग बाई?"
मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. थांबायचं."
"बरं," म्हणाला. पाटीवर चित्र उतरवून घेतलं. त्याच्या गाडीला बैल होते. माझ्या चित्रात नव्हते.

घरी येऊन रस्त्याच्या नियमांचं पुस्तक पुन्हा पाहिलं. मोटरवाल्यांचं आहे. चढावरच्या बैलगाडीबद्दल त्यात काही नाही.

३ नोव्हेंबर
बाबा हसले. "भरली गाडी थांबत नसते, कमल. रिकामी रस्त्याखाली उतरते. माह्या आज्यापासून असंच हाय."
मी : मोटर भरलेली की रिकामी, कसं ओळखायचं?
"मोटर कायची भरली वं? तिच्यात मान्सं. मान्सं उतरून चालू शकतेत. कापूस उतरून चालते काय?"
माय तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं, तरी चिडले. दिवाळीच्या आधी एका मोटरवाल्याने बाबांना म्हटलं होतं, "ए गावंढळ, हो बाजूले." बाबांनी मान खाली घालून गाडी काट्यात उतरवली. मी शेजारी बसले होते. बी. ए. झाल्याला तेव्हा चार महिने झाले होते. नियम माहीत असलेल्या माणसाला कोणी असं बोलू शकणार नाही, असं मला वाटतं.

बाबांकडे नियम पाळायचं वचन मागितलं. "पाहू," एवढंच.

९ नोव्हेंबर
वर्गाला सहाच जण. कापसाची वेचणी जोरात. सेवाराम मात्र आला, आणि खुशीत. मंगळवारी रिकामी गाडी घेऊन परतताना त्याने नियमाप्रमाणे थांबून मोटरीला वाट दिली. "ड्रायव्हरनं हात केला मले, बाई. सलाम केल्यासारका." तीनदा सांगितलं. बाकीचे म्हणाले, "आता सेवाराम सायेब झाला लेका."
आठवडाभर पुरेल एवढा आनंद.

१६ नोव्हेंबर
नाल्याचा चढ. कारंज्याला मी शिकवते ती शाळा सुटल्यावर घरी येत होते. मोटरीत, ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर. समोरून बाबांची गाडी, कापसाने भरलेली, अर्ध्या चढावर. त्यांच्या बाजूला जिनाच्या रांगेतल्या गाड्या उभ्या. बाबांनी कासरे ओढले, मोटरीला हात केला. थांबले.
मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. त्या क्षणी मला आनंद झाला.
मोटर शेजारून गेली. मागे वळून पाहिलं तर बैलांचे खूर गिट्टीवर घसरत होते. गाडी मागे सरकली. सेवारामने ठोकळा लावला. निसटला. तो पुन्हा लावायला वाकला.

पुढचं लिहवत नाही.

१७ नोव्हेंबर
सेवारामला अकोल्याच्या इस्पितळात नेलं. बाबा आणि त्याची बायको जमनाबाई सोबत गेले. बाबांच्या सदऱ्याला लागलेलं रक्त तसंच. कोणी मला काही विचारलं नाही.
ठोकळा कोणीतरी आमच्या गोठ्याशी आणून ठेवला आहे.

२० नोव्हेंबर
सेवाराम गेला. सकाळी.
निरोप शाळेत आला तेव्हा हेडबाई मुलींकडून रस्त्याचे नियम म्हणवून घेत होत्या. तपासणी आहे. मीच शिकवलेले. चाळीस मुली एका सुरात, "उभ्या गाड्या ज्याच्या बाजूला." हेडबाई म्हणाल्या, "छान बसवलंत हो."
मी खडू शोधायला म्हणून बाहेर गेले. बराच वेळ शोधला.

२३ नोव्हेंबर
तांड्यावर गेले. बायका बाजूला सरकल्या, मला बाज दिली. मी खाली बसले. जमनाबाई माझ्यासमोर येऊन बसली. मग :
"एक सांगा बाई. तुमच्या बाबानं गाडी काहून थांबवली? चढावर थांबवते काय कोनी? तीस वर्सं गाडी हाकून राह्यले ते."
अख्ख्या गावात हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.
मी म्हणाले, "माहीत नाही."
खोटं. आणि खरंही. बाबा माझा नियम मानत नव्हते. मग का थांबले, ते मला खरंच...

२४ नोव्हेंबर
पाटीलकाका, आणखी चौघे, आमच्या ओसरीवर. ठरलं ते असं : मोटरीनं भोंगा वाजवला, बैल बुजले, म्हणून गाडी मागं आली. सगळ्यांनी तसं पोलिसांना लिहून द्यायचं.
पाटीलकाका मला म्हणाले, "अन् तू त मोटरीतच होती. शिकेल पोरगी. तुह्या सहीले वजन हाय. ड्रायव्हरवर गेलं तं त्या जमनाले बी मोटरवाल्यांकडून दोन पैसे भेटतीन. चांगलंच काम हाय वं."
गावाला माझ्या पदवीचा पहिल्यांदाच उपयोग होतो आहे.
भोंगा वाजला नव्हता. मी त्या माणसाच्या पाठीमागे दोन हातांवर होते.
बाबा खांबाला टेकून बसले होते.

२७ नोव्हेंबर
ड्रायव्हर हनीफभाई कारंज्याला मोटर अड्ड्यावर भेटले. चौकशी होईपर्यंत त्यांना गाडीवरून उतरवलं आहे. चहाच्या दुकानाबाहेर बसून होते, गाड्या येतात-जातात त्या पाहत.
"बाई, पंधरा साल झाले मले या रस्त्यावर. भरली गाडी चढावर थांबत नाही, हे मले मालूम नाही काय? म्या ब्रेक लावलाच होता. मोटर थांबून राह्यली होती. तुमचे बाबाच थांबले. अन् हात केला मले, या म्हनून. मंग म्या आलो."
मी विचारलं, "भोंगा?" का विचारलं कोण जाणे.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी माह्या मागंच बसल्या होत्या ना, बाई."

म्हणजे ते जुन्या रीतीने थांबत होते आणि बाबा माझ्या नियमाने थांबले. दोघांनीही दुसऱ्याला वाट दिली. मी गावात आलेच नसते, तर गाडी वर चढून गेली असती.

३० नोव्हेंबर
संध्याकाळी गोठ्यात बाबांना विचारलं. ते बैलाच्या मानेला तेल लावत होते. जुवाने सोलवटली आहे. पाठ माझ्याकडेच ठेवली.
"काहून थांबले, बाबा?"
बोटांवर पुन्हा तेल घेतलं. मग, "तू दिसली खिडकीत."
मी उभीच.
"म्हटलं, पोरगी पाहून राह्यली. एवढी शिकली, बापाले एकच गोष्ट मांगितली. हाताले कळत होतं, थांबू नोको. तरी वढले कासरे."
थोड्या वेळाने, "तू भोंग्याचं लिहून देजो."
मी म्हणाले, तुमच्यावर काही येणार नाही बाबा, अपघात आहे, मी खरं—
"माह्यासाठी नाही सांगून राह्यलो. मी मालक हाय, मले बोलतीन अन् सोडतीन. तू शिकवलं म्हनून थांबलो, हे तांड्यावर ठावं नाही अजून. तुले नाही सोडनार कोनी. वर्ग गेला, शाळा गेली, मंग काय करशील? आमच्यासारकी वेचाले जाशील?"
मग बैलाशी बोलायला लागले. माझ्याशी नाही.

१ डिसेंबर
पाटीलकाकांनी लिहून आणलेला कागद माझ्या पुस्तकांवर ठेवलेला. पाच अंगठे उमटलेले. त्यातले तीन माझ्या वर्गातल्यांचे. ज्यांना मी सही करायला शिकवलं, त्यांनी अंगठे दिले. खोट्याला स्वतःचं नाव द्यायला लाज वाटली असेल का? की घाईत? विचारायची हिंमत नाही.

कागदावर सही केली तर : जमनाबाईला काही मिळेल. बाबा निजतील. माझी शाळा राहील. हनीफभाई चहाच्या दुकानाबाहेर बसतील.
नाही केली तर हे सगळं उलटं. त्यातही सेवाराम परत येत नाही.
पदवी घेताना असं काही विचारलं नव्हतं.

माय म्हणाली, "जेव वं. चार दिवसांपासून पाहून राह्यली मी." जेवले. भाकरीची चव लागली नाही.

२ डिसेंबर
शाळेत रजेचा अर्ज दिला आणि ठाण्यावर गेले. पाटीलकाकांचा कागद नेला नाही. तोंडी सांगितलं, हवालदाराने उतरवून घेतलं : भोंगा वाजला नाही. मोटर हळू होती, थांबत होती. गाडीवाल्याने हात करून तिला बोलावलं. बैल घसरले. गाडीवाला चढावर थांबला तो मी शिकवलेल्या नियमामुळे.
हवालदार म्हणाला, "हे शेवटचं राहू द्या बाई. याचा काय संबंध?"
म्हटलं, लिहा.
"कायले ओढून घेता?"
म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं. मी वाचून पाहिलं, सही केली. नावापुढे बी. ए. लिहिलं नाही.

परतताना घरी न जाता तांड्यावर उतरले. जमनाबाई दाराशी ज्वारी पाखडत होती. उभ्यानेच सांगितलं सगळं : सेवारामने काय विचारलं होतं, मी काय सांगितलं, बाबा का थांबले, आणि आता तिला मोटरवाल्यांकडून बहुधा काही मिळणार नाही. ती पाखडत राहिली. सूप रिकामं झालं तरी दोनदा झटकलं. मग आत गेली आणि त्याची पाटी घेऊन आली. पुसट झालेली, तरी गाडी दिसत होती, दोन बैल, चाकामागे एक छोटी चौकट. ठोकळा. तो मला त्या दिवशी दिसला नव्हता.
"हे तुमचं," म्हणाली. पाटी माझ्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.

आता घरी. पाटी समोर आहे. गोठ्यातून बाबांचा आवाज येतो आहे, बैलांना पाणी दाखवतात. पाटीलकाका दिवेलागणीला कागद न्यायला येतील.
बाबांना अजून सांगितलेलं नाही.