विळखा कसा निसटला

३ ऑगस्ट, रविवार

हरली! हरण्याचं मला काही नाही. हरून झाल्यावर जे तोंड सुरू झालं त्याचा संताप आहे.

काल संध्याकाळी भिंगरीची लढत होती. माझी सख्खी नात, मांडीवर गिरक्या घ्यायची म्हणून भिंगरी — ती आता जाळीच्या पिंजऱ्यात उतरते. गुद्दे, लाथा, पेच, सगळं चालतं तिथे. दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीच्या पाठीवर चढून तिने गळ्याला असा विळखा घातला की मी खुर्चीतून उभाच राहिलो. संपलं होतं हो! पुढच्या माणसाने टाळीसाठी हातही उचलले होते. आणि ऐन वेळी विळखा सुटला. ओला साबण सुटतो तसा! समोरची उलटली, छातीवर बसली, आणि मग गुद्द्यांवर गुद्दे. शेवटी पंचाने मध्ये पडून लढत थांबवली.

रिक्षात — "घाम होता आजोबा, हात निसटला."
जिन्यात — "हातमोजे नवे होते."
दारात आईला — "वजन उतरवायला पाणी तोडलं होतं ना, अंगात त्राणच नव्हतं."

एका हारीला तीन सबबी, तीही घरात पाऊल टाकायच्या आत!

४ ऑगस्ट, सोमवार

आज खांदा. म्हणे महिनाभर दुखतोय. कालच याच खांद्याने तिने गव्हाचा डबा फळीवर चढवला.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारभर पडून शाळेतल्या कविता आठवत होतो. आमचे मास्तर खिडकीशी उभे राहून म्हणायचे, आणि रणात पडलेल्या वीरापाशी आले की खडू हातातच विसरायचे. साऱ्या वर्गाचे डोळे ओले! ते वीर पडायचे, पण एका ओळीत पडायचे. पुढच्या ओळीत कुणी उठून 'हातमोजे नवे होते' असं म्हटलेलं मला आठवत नाही. शार्दूलविक्रीडितात बसवणार तरी कुठे ते?

भिंगरीला मी लहानपणी या कविता म्हणून झोपवलं. फुकट गेल्या सगळ्या.

एक मात्र आहे. हरलेला माणूस पहिल्यांदा पंचाला शिव्या घालतो. हिने पंचाबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाही. तेवढी लाज शिल्लक असावी.

६ ऑगस्ट, बुधवार

तिच्या तालमीच्या हॉलवर जाऊन आलो. तिला न सांगता. रबरी गाद्या, फिनेलचा वास, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले हातमोजे. दोन मुली गादीवर एकमेकींना पिळत होत्या. खालचीने वरचीच्या दंडावर दोनदा थोपटलं, की वरचीने लगेच हात सोडला. दोघी हसत बसल्या. पाहून बरं वाटलं. भिंगरी पाच वर्षांची असताना आमच्याही दंगली व्हायच्या, कापसाच्या गादीवर. माझी मान तेव्हापासूनच कुरकुरायची, म्हणून मी नियम घातला होता — आजोबांनी दोनदा थोपटलं की त्या क्षणी सोडायचं. आणि पोर इतकी इमानी, की मी गंमत म्हणून थोपटलं तरी सोडायची!

कोच वैतागलेला. "आजोबा, विळखा निसटला नाही. तिने उघडला. मी कोपऱ्यातून पाहिलंय. मी उभा होतो तिथून हिची पाठ आणि हात दिसत होते, समोरची मुलगी हिच्याआड होती. का उघडलास विचारलं तर घाम म्हणते, खांदा म्हणते. ही सलग दुसरी हार. खरं काय ते कळल्याशिवाय पुढच्या महिन्यात मी तिला उभी करणार नाही."

"करूच नका," मी म्हटलं. रागात म्हटलं, पण म्हटलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना भडका उडाला.

मी — "एकदा सरळ म्हण, हरले."
"हरले. झालं?"
"का हरलीस?"
भात चिवडत बसली. मग — "दिवे डोळ्यांवर येत होते."
"दिवे! आता लाइटवाल्याला धरलंस! उद्या प्रेक्षक जोरात खोकले म्हणशील!"
सून म्हणाली, "बाबा, जेवू द्या तिला."
"बहाणेबाज आहे तुझी लेक. पडायची हिंमत नाही, तिने पिंजऱ्यात जाऊ नये. कोचला सांगून आलोय मी तसं."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. ताट उचललं आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

भिंगरीने चहा समोर ठेवला आणि आत गेली. साखर बरोबर होती.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दार वाजलं. एक मुलगी. भुवईवर टाके, एक डोळा काळानिळा. "भिंगरी आहे का, आजोबा?" भिंगरी धावायला गेली होती. मी ओळखलं — हीच ती, जिंकलेली! बस म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर बसली.

"मला झोप येत नाहीये," म्हणाली. "मी थोपटलं होतं, आजोबा."

मला कळेना.

"दुसऱ्या फेरीत. तिच्या विळख्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, मी तिच्या दंडावर दोनदा थोपटलं. म्हणजे हरलेच मी. तिने सोडलं. पण पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. तो 'चालू द्या' म्हणाला आणि मी... मी चालू ठेवलं. म्हटलं, ही आता बोंब ठोकेल. आठवडा झाला, ती कुणालाच काही बोललेली नाही. का बोलत नाही ती?"

चहा घे म्हटलं. तिने घेतला नाही. इथून थेट भिंगरीच्या कोचकडे जाऊन सगळं सांगते म्हणाली.

घाम, मोजे, पाणी, खांदा, दिवे. एवढ्या सबबी सांगितल्या कार्टीने, आणि खरी होती ती गिळून बसली!

संध्याकाळी कोचचा फोन आला. भिंगरीला इतका ओरडला की मला पलंगावर ऐकू येत होतं — "पंच तुझा हात धरेपर्यंत सोडायचं नसतं! पहिल्या दिवशी शिकवलंय! सोमवारपासून पहाटे ये, पुढच्या महिन्यात उभं राहायचंय."

१० ऑगस्ट, रविवार

आज विचारलं. मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "कसं सांगणार? कोचचं शिकवणं विसरले आणि तुमचं आठवलं, असं सांगू?"

मग गळ्यात पडली. मान कुरकुरली. मी तिच्या दंडावर दोनदा थोपटलं.

सोडलं नाही.