कुशल कामगाराची अर्धी बाथरूम

४ जानेवारी
ठरलं. परदेशी जायचं. तिकडे म्हणे टाइल्स बसवणारी माणसंच मिळत नाहीत. 'कुशल कामगार' म्हणून अर्ज केला की राहण्याचा व्हिसा, तोही सहकुटुंब. मी या लाइनमध्ये एकोणीस वर्षं, त्यातली बारा सुपरवायझर. खरं तर त्यांनीच मला न्यायला माणूस पाठवायचा, पण असो. नियम म्हणजे नियम.
आईला सांगितलं. म्हणाली, आधी आपल्या बाथरूममधली निखळलेली टाइल बसव, मग जा कुठे जायचं तिकडे. आईला व्हिजन नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून इंग्रजी.

५ जानेवारी, सकाळी साडेआठ
आत्ताच उठलो. शरीराला तिकडच्या वेळेची सवय लागत असावी. चांगलं लक्षण आहे.

९ जानेवारी
एजंटला भेटलो. केबिन छोटी, टाय मोठा. लागणाऱ्या गोष्टी : भाषेची परीक्षा, पोलिसांचा दाखला, मालकाचं एक्स्पीरियन्स लेटर. निघताना म्हणाला, व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका. तो हे सगळ्यांनाच सांगत असणार. माझी केस वेगळी आहे हे त्याला हळूहळू कळेल.

१२ जानेवारी
मालकांकडे लेटर मागितलं. आमच्याकडची रीत ठरलेली. मालक म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच करायची. अवघड काम आहे. मी मुळात बुजरा.

१३ जानेवारी
लेटर झालं. चार पानं. मालकांनी फोनवर बोलता बोलता न वाचता सही ठोकली. मला सगळ्यात आवडलेलं वाक्य : 'गेल्या बारा वर्षांत यांना थापीला हात लावण्याची वेळ कधीही आलेली नाही, हे केवळ नजरेने काम करून घेतात.'
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, अहो, पण व्हिसा काम करणाऱ्याला देतात ना? म्हटलं, तुला ऑफिसची भाषा कळायची नाही. ही उठून पोळ्या लाटायला गेली. पटलं असावं.

३ फेब्रुवारी
भाषेची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत विषय आला : तुम्हाला आदर वाटतो अशा व्यक्तीबद्दल बोला. मी माझ्याबद्दल बोललो. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी मध्येच थांबवलं. वेळ संपली म्हणाल्या, पण ऐकून भारावल्या होत्या हे दिसत होतं.

२० फेब्रुवारी
पास! कन्येने मार्क बघितले आणि काठावर आहेस बाबा, असं म्हणाली. काठावरून पडलो तर नाही ना?
पोलिसांचा दाखला मिळालाच होता, एजंटने अर्जही पाठवला. आता उरलं काय? नुसता शिक्का. हत्ती गेला, शेपूट राहिलं. उद्या राजीनामा.

२१ फेब्रुवारी
दिला. मालकांनी माझ्याकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं. गहिवरले असणार. संध्याकाळी आई म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शुभप्रसंगी असलं बोलू नये.

१ मार्च
साइटवर निरोप समारंभ. मोठी बॅग भेट मिळाली, चाकांची. भाषण केलं. तिकडे गेलो तरी तुम्हाला विसरणार नाही, अडचण आली तर फोन करा. माझ्या जागी स्टोअरवाला सुपरवायझर झाला. बिचारा. सिमेंटची पोती मोजणं वेगळं आणि नजर असणं वेगळं. महिन्याभरात रडत येईल.

१७ मार्च
तिकडच्या ऑफिसची मेल आली. अर्ज टाइल बसवणाऱ्याचा आहे, पण तुमच्या लेटरप्रमाणे बारा वर्षांत तुम्ही थापीला हात लावलेला नाही, तेव्हा नक्की काय समजायचं? खुलासा म्हणून स्वतःच्या हाताने भिंतीला टाइल्स लावतानाचा व्हिडिओ पाठवा. मध्ये कट नको. चेहरा आणि हात दिसले पाहिजेत.
एजंटने विचारलं, हे वाक्य लिहिलं कुणी? म्हटलं, मालकांनी.
हरकत नाही. नोकरी गेली आहे खरी, पण हातातली कला कुठे जाते? सायकल काय आपण विसरतो का?

१८ मार्च
बाथरूमची एक भिंत फोडली. सगळी जुनी टाइल काढली. आई कधीची मागे लागली होती, तिचंही काम होईल. एका दिवसाचा प्रश्न आहे. पाइपला जरा धक्का लागला, म्हणून पाणी बंद केलं. फक्त आजच्यापुरतं.

२२ मार्च
आंघोळीला सगळे खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे. वहिनींचा स्वभाव चांगला आहे. कालपर्यंत तरी होता. आज आई टॉवेल घेऊन जिन्यात रांगेत उभी होती. मला बघून तोंड फिरवलं.
उशीर माझ्यामुळे नाही. चांगल्या उजेडाशिवाय शूटिंग करू नये.

२४ मार्च
पहिला व्हिडिओ. फोन हिच्या हातात. सिमेंटचा माल छान कालवला. मग सवयीने थापीसाठी हात मागे केला. साइटवर हात मागे केला की चहा हातात येतो, बारा वर्षं येतोय. कन्येने इथेही चहाचा कपच दिला. मी तो भिंतीकडे नेला. चहा मालात. पुन्हा सुरुवात.
दुसऱ्या वेळी अठरा मिनिटं उत्तम गेली. मग कन्येने दाखवलं की अठरा मिनिटं मी भिंतीकडे बोट करून बोलतोय, आणि भिंत कोरीच आहे.

२५ मार्च
आज मात्र लावल्या. सहा टाइल्स! सातवी लावेपर्यंत पहिली खाली यायला लागली. खालून आधाराची पट्टी ठोकायची राहिली होती. ही फोनमागून सारखी ओरडत होती, अहो सरकतेय, अहो ती पण सरकतेय. शेवटी मी दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने भिंत धरून उभा. चेहरा आणि हात दोन्ही स्पष्ट दिसले, म्हणजे अट पूर्ण.
मालात पाणी जास्त झालं, दुसरं काही नाही. पाण्याचा दर्जा घसरलाय. भिंतही मुळात वाकडी आहे. हे ऐकून आई म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं.

२७ मार्च
तोच व्हिडिओ पाठवला. रोज नवा करत बसलो तर कृत्रिम वाटतं. शिवाय संकटात माणूस कसा उभा राहतो हे त्यांना दिसेल. मोठी बॅग भरायला घेतली.

२२ एप्रिल
नकार आला.
दोन ओळी आहेत. कौशल्य सिद्ध होत नाही. एकोणीस वर्षं, आणि दोन ओळी.
आईला सांगितलं, मीच नको म्हटलं. म्हाताऱ्या आईला सोडून कसा जाऊ? आई टॉवेल घेऊन खाली गेली.

२३ एप्रिल
हिला खरं सांगितलं. वाटलं होतं रडेल, चिडेल. ही चक्क हसली आणि मग रडली. म्हणाली, मला कधी जायचंच नव्हतं, तुम्ही इतके खुशीत होतात की बोलवेना. म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, ऐकणारं कोण होतं घरात?
खूप वाईट वाटलं. खरंच वाटलं.
मग म्हणाली, ते सगळं राहू द्या, आता बाथरूम करा.

२९ एप्रिल
बाथरूम झाली. तिसऱ्या खेपेला. पट्टी ठोकून, ओळंबा धरून, एकेक करून. गुडघे सोलले. दाराआडची रांग जरा उतरती आहे, पण दार उघडं असलं की दिसत नाही. दार उघडंच ठेवायचं असं घरी सांगितलं. बाथरूमचं दार उघडं कसं ठेवायचं, असं कन्येने विचारलं. कन्येला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे.

२ मे
मालकांकडे गेलो. सुपरवायझरची जागा नाही. स्टोअरवाला छान सांभाळतोय म्हणे, माणसं त्याच्यावर खूश आहेत. मालकांना माणसाची पारख नाही. पण भिंतीवर काम करायला माणूस हवाय, येतोस का म्हणाले. घरी बॅग रिकामी केली आणि हो कळवलं. तात्पुरतं. फील्डचा अनुभव वाढेल.

४ मे, संध्याकाळी
पहिला दिवस. एका घरात स्वयंपाकघराची भिंत, मी एकटाच. दुपारपर्यंत दोन रांगा लावल्या. खरं सांगायचं तर सरळ लागल्या. मागे होऊन बघितल्या. पुन्हा बघितल्या. तिथून हलवेना. इतक्या वर्षांत कुठल्या भिंतीकडे बघून असं झालं नव्हतं.
घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. वयस्कर, प्रेमळ. त्यांनी भिंत बघितली, माझे गुडघे बघितले, आणि हळू आवाजात विचारलं, या कामात नवीन आहात का? घाबरू नका, सहा महिन्यांत हात बसेल.
मी हो म्हणालो.