पाटातला केर

बाबा, काल आपल्या गावच्या शाळेत मला बोलायला बोलावलं होतं. तुला झाला त्याच आजाराबद्दल, विसरत जाण्याच्या. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती वापरून त्यावर उपचार करायचे, या कामात मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आहे. घरातली पहिली पदवीधर बोलणार म्हणून आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या बाकावर येऊन बसली होती, आणि मुलांच्या मागे वाड्यावरचे लोकही.

मुलांना हे कसं सांगावं, असा विचार करताना मला साखळी गावाजवळचं ते पोफळींचं कुळागर आठवलं, जिथे तू राखणीला होतास. झऱ्याचं पाणी पाटातून पोफळींना जायचं आणि सुट्टीत तू मला पाटातला केर काढायला लावायचास. एकदा मी खोऱ्याने खरवडून पाट अगदी लख्ख केला. तू धावत येतोस, माझ्या हातातलं खोरं काढून घेतोस. "हळू गो बाये. केराबरोबर बांधय काढलंस तर पाणी खंय जातला?" पाणी तोवर भलतीकडे गेलेलं असतं, आणि आपण दोघं चिखल थापत बसतो.

काल मी तेच सांगितलं. मेंदूतही केर साचतो. तो उचलणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी मेंदूतच असतात, पण या आजारात त्या थकतात, नाहीतर चवताळून चांगलंही ओरबाडतात. औषधातली प्रतिपिंडं त्यांना नेमका केर दाखवून देतात. जोर जास्त झाला तर मेंदूला सूज येते, म्हणून हळू. आजार नुकता सुरू झाला असेल तर थोडा मंदावतो, बरा होत नाही, हेही लपवलं नाही.

शेवटी शेवटी तू पोफळींना पाणी सोडून यायचास आणि जेवता जेवता पुन्हा उठायचास, पाणी सोडायचं राहिलं म्हणून. वाड्यावर सगळे तुला पिसो म्हणायचे, वेडा. शेजारचे काका सगळ्यांत मोठ्याने. काल माझं बोलणं संपल्यावर तेच काका मागून उठले.

"म्हणजे बाय, तुझो बापूस पिसो नव्हतो?"

"नव्हतो, काका. तो आजारी होतो."

काका खाली बसले. आई मागे वळून सगळ्या वर्गाकडे एकेक करून बघत राहिली, ऐकलंत ना, अशी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक सांगते. हे का शिकलीस, असं एका मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून. ते खरंच आहे. पण त्याच्याही आधी मला काकांना एवढंच उत्तर द्यायचं होतं.