आबांची पेटी, थेट गोठ्यातून

शनि. १० जाने.
डेअरीच्या दारावरच्या फळ्यावर पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम लिहिले. आमचा 'बांधावरचा रेडिओ' लागतो मोबाइलवर, पण कधी काय लागणार ते शेळगावच्या लोकांना दूध घालताना फळ्यावरच वाचायचं असतं. सोमवारी कऱ्हाटीच्या वैशालीताईंच्या जात्यावरच्या ओव्या. मंगळवारी हलगी. बुधवारी संक्रांतीची फर्माईश. शुक्रवारी बारामतीच्या कॉलेजातल्या पोरींचं रॅप (म्हातारी मंडळी नाकं मुरडतात आणि सगळ्यांच्या आधी तेच लावतात). आणि रविवारी संध्याकाळी, रंगीत खडूनं: आबांची पेटी, थेट!

कधीची मागे लागले होते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा देवळात, सगळ्या बाप्यांमध्ये बसवून मला पेटी शिकवली ती आबांनी. लोक बोलले. आबा म्हणाले, "सुराला काय म्हाईत, बाई वाजवती का बापय." आता थंडीत त्यांची बोटं आखडतात. वाजवलेलं कुठं रेकॉर्ड करून साठवलेलं नाही. जगाला ऐकवायचं तर आत्ताच. लय खूश आहे मी आज.

सोम. १२ जाने.
वाट लागली.
माझा सकाळचा कार्यक्रम डेअरीतूनच चालतो. एका हातानं दूध घ्यायचं, दुसऱ्या हातानं मोबाइलवर गाणी लावायची. आज गाणं सुरू केलं आणि माइक बंद करायला विसरले. तेवढ्यात आबा आले. मशीननं त्यांच्या म्हशीच्या दुधाची फॅट दाखवली, नेहमीपेक्षा बरीच खाली. माझ्या जिभेला हाड नाहीच. "काय आबा, म्हस पिळली का मोटार चालू केली? पाणी कमी घाला की!" आबाही हसले, किटली घेऊन गेले.

मग बारामतीहून विकासचा फोन. तिकडचं लॅपटॉपचं सगळं तोच बघतो. "ताई, माइक! माइक!"
गाण्याच्या वर माझाच आवाज. बारामती, इंदापूर, जिथं जिथं लावला होता तिथं सगळीकडं. दुपारी स्टँडवर कुणीतरी आबांना विचारलं म्हणे, "चहात दूध घालू का तुमच्याच किटलीतलं पाणी?"
संध्याकाळी दूध घालायला आबा नाही, त्यांच्या कारभारीण आक्का आल्या. "त्यांनी पेटीला कुलूप घातलंय. रविवारचं पुसून टाक म्हणालेत."
नाही पुसलं.

मंगळ. १३ जाने., भोगी
सकाळी रेडिओवर माफी मागितली. म्हटलं, मी चेष्टा केली, आबांनी जन्मात दुधात पाणी घातलेलं नाही. विकास म्हणाला, "ताई, काल ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही आज कळलं." ह्यांनी तर भाकरी मोडत मोडत सुनावलं, "गप बसली असतीस तर झाकली मूठ राहिली असती."
राग आला. विकासचा, ह्यांचा, त्या माइकचा, सगळ्यात जास्त माझाच. भोगीची भाजी करपली.
आणि तरी एक किडा डोक्यात आहेच. आबा पाणी घालणार नाहीत, हे देवाशप्पथ. मग फॅट जाते कुठं?

बुध. १४ जाने., संक्रांत
तिळगूळ घेऊन आबांच्या वस्तीवर गेले. मुद्दाम आजच. आज कोण नाही म्हणणार? आबा गोठ्यात होते. हात पुढे केला. धोतराला हात पुसले, मग घेतला, तोंडात टाकला. चघळला. परत पेंड कालवायला लागले.
म्हटलं, "आबा, तिळगूळ घेतला की गोड बोलायचं असतं."
"बोल म्हणत्यात. वाजीव म्हणत न्हाईत."
पाया पडले. तसे जरा निवळले. म्हणाले, "सुनंदे, रविवारी ये. समद्यांदेखत धार काढतो. तुजं मशीन आण, रेडिओबी आण. ज्येंनी पाणी ऐकलं त्येंनी दूधबी ऐकू दे."
"आणि पेटी?"
"आदी म्हस. मंग बघू."
बघू म्हणाले! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

शुक्र. १६ जाने.
फळ्यावर सुधारून लिहिलं: थेट, गोठ्यातून. विकासला हसू आवरेना. चौकशीचे फोनच फोन.
पण परवा पुन्हा फॅट कमी आली तर? मग सगळ्या मुलखासमोर आबांना मीच खोटं पाडणार, तेही त्यांच्याच गोठ्यात उभी राहून.

रवि. १८ जाने.
कुठून सुरू करू!
अख्खी वस्ती गोठ्यात. मशीन पेंडीच्या पोत्यावर. विकास बारामतीहून वायरी घेऊन आलेला, शेणात पाय. एवढी गर्दी बघून म्हशीनं पान्हाच चोरला. थेंब नाही. आबांनी सगळ्यांना हाकलून दिलं. आत फक्त आबा, मी आणि माझ्या हातातला चालू मोबाइल.
"म्हण काय तरी. तिला सवय हाय." आबा रोज गुणगुणत धार काढतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनीच शिकवलेली पहिली चाल धरली. आबांनी खालून सूर दिला. आणि सुटली की धार! बादलीत अशी घुमली, माझ्या अंगावर काटा.
मग बादली अर्ध्याच्या वर जाते न जाते तोच आबा उठले आणि त्यांनी रेडकू सोडलं.
मी म्हटलं, "आबा, सड अजून भरलेत की."
"ऱ्हाऊ दे. शेवटची धार त्येची. लय अशक्त हाय त्ये. आक्काला सांगू नगंस."
दाट दूध सगळं शेवटच्या धारेत उतरतं. डेअरीत बसून माझे केस पिकायला आले आणि मला हे सुचू नये! फॅट सगळी रेडकाच्या पोटात.
आणि आक्का बाहेर ओट्यावर, मोबाइलवरचा रेडिओ कानाला लावून. "ऐकलं बरं का!" बाहेरनं आवाज आला. "म्हणूनच म्हणलं, रेडकू टम्म आन् किटली रिकामी! मला म्हणत व्हते, म्हस आटाय लागली!"
सगळी वस्ती हसत सुटली. आबासुद्धा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मशीन कुणी लावलंच नाही.
आबांनी हात धुतले, कुलूप काढलं आणि ओट्यावर पेटी घेऊन बसले. काय वाजवलं! आखडलेली बोटं कुठल्या कुठं गेली. मी रडले, सरळ रडले, लाजले नाही.

सोम. १९ जाने.
सकाळी सकाळी विकासचा फोन. "ताई, धार पोचली. आक्का पोचल्या. पेटी नाही."
झालं असं की आबा समोर वाजवत असताना, ते रेडिओवर कसं येतंय हे ऐकायला सगळ्या वस्तीनं एकदम मोबाइल कानाला लावले. विकासनंसुद्धा! टॉवर बसला. पहिल्या सुरालाच सगळं गप्प, आणि समोर पेटी चालू म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बारामतीच्या लॅपटॉपवर पोचलं नाही ते साठलंही नाही. समोर बसलेल्या शहाण्यांना काय म्हणावं!
आबा आले ते हसत. "काय गं, इंदापूरपतुर गेलं का?"
वाटलं, गेलं म्हणावं. पण त्यांना कोण ना कोण सांगणारच. सांगून टाकलं. आबांनी किटली मापात ओतली.
"मग येत्या रविवारी, आबा?"
"बघू. थंडी कशी पडती त्येच्यावर."
निघाले. दारातून वळून म्हणाले, "न्हाय गेलं ते बरंच झालं. मधी एक सूर घसरला हुता माजा."
घसरला नव्हता. मी समोर बसले होते.