लोणंदच्या स्टेशनमास्तरच्या खिशातला गोळा

प्रिय रामभाऊ,

काल वहिनींनी तुझ्या शर्टाच्या खिशात निघालेला पितळी गोळा माझ्या हातावर ठेवला, म्हणून लिहितोय. "भावजी, ह्यो कशाचा हाय? टाकायचा न्हवं?" चहा तसाच ठेवून उठलो.

तू गेल्यापासून मी आणि जिनपाल हाच शोधत होतो. कुपवाडला तुझ्या शेडमध्ये, लेथखाली, लोखंडाच्या किसात. जिनपाल हळदीचा व्यापारी. अडलेला माल त्याला बघवत नाही. "दुसरा करून घेऊ की रं पंडित. एवढुसा तर गोळा."

"नियम रामभाऊचा आहे," मी म्हणालो. मग तोही किसातच बघत बसला.

शेडमधल्या आपल्या खेळातल्या रेल्वेचे काय तुझे ते नियम! रूळ एकच, म्हणून गोळा एकच. ज्याच्याकडे गोळा त्याचीच गाडी सुटणार, आणि गोळा गाडीतूनच पलीकडे जाणार. खऱ्या रेल्वेत दर दोन स्टेशनांमध्ये वेगळा असतो म्हणे. आपण मिरज ते लोणंद एकातच भागवलं. मी मिरजेचा मास्तर, तू लोणंदचा, मध्ये प्लायवूडवर कराड आणि कोरेगाव, सगळं मीटर गेजच्या काळातलं. जिनपाल सिग्नलला. हात लांब केला असतास तरी गोळा देता आला असता, पण नाही.

तुझे वडील खऱ्या लोणंदला सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलणारे. मीटर गेज गेली तेव्हा तुला धड चालता येत नव्हतं, तरी "इंजिनाचा वास आठवतोय" म्हणून आमच्याकडून डब्यांचा रंग तीनदा खरवडून घेतलास. वासावरून रंग ओळखणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी एकदा सांगितलं होतं, संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन असतं. तू इंजिनाला तेल घालत म्हणालास, "दोघांसाठी येगळं? लय रिकामी माणसं हुती गड्या." आज मला त्या वचनाचं काय करावं कळत नाही. सगळी रूपं पाठ आहेत.

त्या शेवटच्या संध्याकाळी गाडी सोडायची पाळी तुझी होती. गोळा खिशात टाकलास. "उद्या सोडतो. आज जरा दम लागतोय." दम लागतोय हे डॉक्टरला सांगायचं की मिरजेच्या मास्तरला? आणि नियम सगळ्यांना शिकवून गोळा खिशात घालून घरी कोण जातं रे?

आता तो माझ्याकडे आहे. गोळा हाती म्हणजे पुढचा रूळ मोकळा, समोरून कोणी येत नाही. हा अर्थ तूच शिकवलास. इतका खरा असेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी शेडमध्ये जाईन. गोळा माझ्या गाडीत घालून ती हळूहळू लोणंदला पाठवीन. जिनपाल ती तिथं थांबवेल, पण गोळ्याला हात लावणार नाही, तसं बजावलंय. दोन्ही गाड्या तुझ्याकडे, मिरज रिकामं. दुसरा गोळा मी करू देणार नाही. तू सोडल्याशिवाय इकडे गाडी येणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
मिरजेला फलाटावर उभा
पंडित