न बोलायचं औषध

दहिवली, कर्जत
बुधवार

प्रिय नंदा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मेघावहिनीच्या हाती देते आहे. ती कामाला रसायनीलाच येते, तुझ्या दारात उभी राहून देईल. रागावली असलीस तरी वाच. आईच्या जलदानविधीला तू आलीस, मांडवाच्या कडेला उभी राहिलीस आणि न जेवता गेलीस, ते मी पाहिलं होतं. तेव्हा हाक मारावीशी वाटली नाही. तुझ्या बाबांच्या झाडपाल्यानं माझी आई गेली, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि मी ते चार लोकांत बोलूनही दाखवलं. ते तुझ्या कानावर गेलं असणारच.

आता राग ओसरलाय, तर सगळं नीट सांगते. हृदयात झडप बसवल्यापासून आईला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागायची, हे तुला ठाऊक आहे. रक्त तपासून डॉक्टर गोळी कमीजास्त करायचे. आई त्यात कधी चुकली नाही. डॉक्टरांपुढे तर ती पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ताठ बसायची, आम्ही तिला हसायचो. पण गुडघ्यांनी तिचा जीव खाल्ला होता आणि त्या गोळीबरोबर दुखण्यावरची जोरदार औषधं द्यायला डॉक्टर तयार नव्हते. एक दिवस कडावला जाते म्हणाली आणि तिथून परस्पर तुमची वाडी चढली. तुझ्या बाबांनी, आमच्या शुक्राबाबांनी, तिला झाडाची साल दिली, रोज सकाळी सहाणेवर उगाळून प्यायला.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या वाडीचं औषध घेणाऱ्यानं बोलायचं नाही आणि देणाऱ्यानं विचारायचं नाही, बोललं की गुण जातो, हे आपण दोघी लहानपणापासून ऐकत आलो. दहावीला मला कावीळ झाली तेव्हा वाडीवरून आणलेल्या औषधाबद्दल मी वर्गात बडबडायला लागले, तर तूच माझ्या तोंडावर हात दाबला होतास. आईनं तो नेम असा पाळला की काय सांगू. हातावर निळे डाग उठले, तर म्हणाली, कुठं तरी लागलं असंल. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर तिनं मशेरी बदलली. डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, दुसरं काही घेता का, तर ही ठामपणे म्हणाली, "नाय ओ, दुसरं काय नाय." मग एका सकाळी चहा पिताना डोकं धरून बसली, ती बोललीच नाही पुन्हा. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मोरीपाशी सहाण दिसली, सालीचा ओला तुकडा तसाच वर होता.

डॉक्टरांना मी तो नेऊन दाखवला. ते म्हणाले, नक्की यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण काही झाडपाला असा असतो की त्यानं या गोळीचा जोर नको इतका वाढतो. सांगितलं असतंत तर लगेच रक्त तपासलं असतं. एवढंच म्हणाले, पण मला ते अजून सोसत नाही. तुझ्या बाबांना गोळीची गोष्टच ठाऊक नव्हती गं. त्यांनी दिलं ते मायेनं दिलं. हे कळायला मला फार वेळ लागला आणि तोवर आमच्या आळीनं त्यांना खुनी ठरवून टाकलं होतं.

नंदा, सोमवारी मी माझ्या प्रबुद्धला ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं होतं. तिथं शुक्राबाबा दिसले. एकटेच आले होते, डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. तुला कळवलं नसणार, त्यांचा स्वभाव तुला माझ्याहून जास्त ठाऊक. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. डॉक्टरांनी विचारलं, "झाडपाला काही घेता का, बाबा?" पडद्याअलीकडे मला स्पष्ट ऐकू आलं, म्हणाले, "नाय." आणि पिशवीतून डोकावत होती पाण्याची बाटली, आत तीच लालसर उगाळणी. औषधांच्या खिडकीवर त्यांना मिळालेली गोळ्यांची पट्टी मी लांबूनच ओळखली. आईच्या उशाशी तीच असायची. मी सांगायला धावले, तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले आणि तो सुजलेला पाय ओढत टेंपोत जाऊन बसले. मी मागे फिरून डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, गोळी थांबवू नका, ती हवीच आहे, पण उगाळणं बंद करा आणि त्यांना बाटलीसकट लगेच घेऊन या, रक्त तपासतो. काल मी वाडीवर गेले, तर मला पाहून त्यांनी दार लावून घेतलं. मी दिसले की त्यांना माझी आई दिसते. माझ्याशी नको बोलूस हवं तर, पण पत्र हातात पडेल तशी निघ. तुला ते दार उघडतील. गुण गेला तर जाऊ दे म्हणावं, बाबा, पण डॉक्टरांपुढे तोंड उघडा. माझ्या आईला हे सांगायला कुणी नव्हतं.

तुझीच,
दीक्षा